जुनी जीप, तीन आवाज आणि एक मिस्त्री: क्राऊन-पिनियन खरंच गेलंय का?

वडापचा_वारस

मंडळी, नमस्कार. लांबड लागणार आहे, आधीच माफी.

आमच्या काकांची १९८९ ची डिझेल जीप आहे, फोर बाय फोर. पंधरा-सोळा वर्षं गगनबावडा रोडला वडापला (शेअर सीटवर प्रवासी न्यायला) होती. काका गेल्यापासून कोल्हापूरजवळच्या चिखलीच्या घरामागं शेडात उभी. यंदा दिवाळीत बाहेर काढली. बॅटरी, टायर, क्लच प्लेट, ब्रेक असं सगळं करून रस्त्यावर आणली. इंजिनाबद्दल तक्रार नाही, अर्ध्या सेल्फला उठतं. तक्रार आहे ती खालच्या अंगाची.

शेडातून गल्लीत येईपर्यंत, म्हणजे माणूस चालतो त्या वेगाला, खालून चिमणी ओरडल्यासारखं चिर्र-चिर्र-चिर्र. वेग वाढला की चिमणी गप्प. क्लच सोडताना आणि पहिल्यातून रिव्हर्सला टाकताना टण्ण! मागं बसलेला माणूस दर वेळी विचारतो, काय पडलं? आणि ४५ च्या पुढं हूंऽऽ असा सूर लागतो, पायाखालचा पत्रा भणभणतो. ६० च्या वर मी गेलेलोच नाही, धाडस होत नाही.

एका गॅरेजात दाखवली. मिस्त्री चौकापर्यंत चालवून आले आणि खाली उतरायच्या आधीच म्हणाले, "क्राऊन-पिनियन गेलंय. हाउसिंग उतरवायला लागंल. पस्तीस हजार धरून चला." (क्राऊन-पिनियन म्हणजे मागच्या चाकांच्या मधली, इंजिनाचा जोर चाकांकडं वळवणारी गिअरची जोडी; हाउसिंग म्हणजे ती बसते ते लोखंडी घर.) असेलही. पण खाली वाकून कुणी बघितलंसुद्धा नाही, ते खटकलं. जाणकारांनी सांगा, पैसे घालू का थांबू?

मिसळ_जादा_कट

कट-कट आवाज असता तर लगेच सांगितलं असतं, कट कमी पडलाय. टण्णला आमच्याकडं औषध नाही.

उद्यमनगर_पाना

वारस भावा, पस्तीस हजार दोन दिवस खिशातच असू देत.

आवाज कुठनं येतोय हे गाडीत बसून कळत न्हाई. चॅसी आणि पत्रा आवाजाला कुठल्या कुठं नेतात. पुढच्या हाउसिंगचा आवाज मागच्या सीटखाली ऐकलाय मी. त्यामुळं 'कुठनं' सोड, 'कधी' येतोय ते बघ.

पहाटे मोकळा रस्ता धर. ५० ला ने. अ‍ॅक्सिलरेटर दाबून धर, आवाज हाय का बघ. मग पाय पार काढ, गिअर तसाच असू दे, आता हाय का? मग हलका पाय ठेव, गाडी वढत बी न्हाई आन् थांबत बी न्हाई असा. शेवटी न्यूट्रल करून नुसती पळू दे. इंजिन चालूच ठेव, चावीला हात लावू नको. चार वेळची चार उत्तरं लिहून आण. आणि हूं वेगळा, भणभण वेगळी. दोघांना एकच समजून चालायचं न्हाई.

चिर्रसाठी भिंत शोध. कंपाउंडच्या भिंतीला खेटून हळू चालव, आवाज आपटून कानात येतोय. एका अंगाला भिंत, मग दुसऱ्या अंगाला.

सदाशिव_पेठकर

पस्तीस हजारांत आणखी एक जीप येईल असे वाटते. (हा विनोद आहे.) पस्तीस वर्षांची गाडी आवाज करणारच. आमच्याकडे माणसेही करतात, आणि त्यांचे हाउसिंग कोणी उतरवत नाही.

कागलकर_ताई

क्राऊनच्या आधी चाकाची बेअरिंग बघा. आमच्या मळ्यावरच्या जुन्या बोलेरोला असाच घूंऽ होता. मी रोज कागल-कोल्हापूर येतो-जातो, दोन महिने डिफरन्शियलच (क्राऊन-पिनियन जिथं असतं ते, दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं) समजून बसलो होतो. मग एकदा रस्ता रिकामा बघून ५०-६० ला गाडी जरा डावीकडं, जरा उजवीकडं अशी झुलवली. उजवीकडं वळवलं की घूं वाढायचा, डावीकडं वळवलं की निम्मा. उजव्या वळणाला भार डाव्या चाकावर जातो, म्हणजे बेअरिंग डावं. बदललं, गेलं.

टायर पण बघा. घरात एकांनी हौसेनं मड टायर घालून आणले, डांबरावर नुसती गर्जना. सिमेंटचा रस्ता लागला की सूर बदलायचा. रस्ता बदलल्यावर आवाज बदलत असेल तर तो टायर. डिफरन्शियलला खाली कुठला रस्ता आहे ते कळत नाही.

सदाशिव_पेठकर

ताई की दादा? "येतो-जातो", "बसलो होतो" वाचून गोंधळ झाला.

मिसळ_जादा_कट

पेठेत कळायचं नाही. आमच्यात बायका पण 'मी आलो' म्हणत्यात. डिफरन्शियल सोडून व्याकरणाचं हाउसिंग उघडू नका.

कागलकर_ताई

आलो होतो उत्तर द्यायला, पण मिसळ भाऊंनी दिलंच.

दाजीपूरचा_गवा

टण्णवर माझा अनुभव, पण जिप्सीचा. जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) एकमेकांना जोडलेले नाहीत, मध्ये एक छोटा शाफ्ट, म्हणजे जोर नेणारा दांडा आहे. म्हणजे जीपला दोन शाफ्ट, आम्हाला तीन, क्रॉसही (शाफ्टच्या टोकाचे, कोनात फिरू देणारे सांधे) तेवढे जास्त. शिवाय ट्रान्सफर केस चॅसीला तीन रबरांवर टांगलेली.

मला टण्ण सुरू झाल्यावर मी शहाणपणा करून दोन क्रॉस बदलले. टण्ण तसाच. मग भावाला बसवलं, पाय ब्रेकवर, पहिला गिअर, क्लच अगदी थोडा सोडायचा आणि परत दाबायचा. मी बाजूला उकिडवा बसून टॉर्च मारली. ट्रान्सफर केस बेडकासारखी उडी मारत होती! तिन्हीतलं एक रबर पार फाटलेलं. जीपची बांधणी वेगळी, पण ही टॉर्चवाली चाचणी कुठल्याही गाडीला चालते. गाडीपुढं किंवा गाडीखाली मात्र थांबू नका.

आणि स्टीअरिंग पूर्ण वळवून फोर बाय फोरमध्ये कट-कट-कट वाजलं तर तो पुढचा जॉइंट, चाकाजवळचा.

मिसळ_जादा_कट

आला का कट!

थारवाला_दादा

मला पण टण्ण येतो, पण फक्त घाटात. पावसाळ्यात करूळ घाट लागला की मी खालपासून वरपर्यंत फोर हायमध्येच (चारही चाकांना जोर) ठेवतो, ग्रिप मिळते. वर आल्यावर टू हायला (नुसत्या मागच्या चाकांना जोर) टाकायला गेलं की लिव्हर निघत नाही, निघालं की धाडकन आवाज. माझी थार २०१६ ची आहे, एवढ्यात क्राऊन गेलं म्हणायचं का?

निवृत्त_हवालदार

थारवाले, क्राऊन शाबूत आहे, पण तुम्ही ते घालवायच्या वाटेवर आहात.

मी फौजेत एकवीस वर्षं गाड्या चालवल्या. जबलपूरला बनायची ती जोंगा, मग जिप्सी. पहिल्या आठवड्यात उस्ताद शिकवायचा ते हेच. वळणावर चारही चाकं सारखं अंतर कापत नाहीत. पुढची चाकं मोठा गोल घेतात, मागची आतून येतात. तुमच्या गाडीत फोर हाय टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकाला बांधले जातात, मध्ये डिफरन्शियल नाही. मातीत चाक घसरून हा फरक फेडतं. डांबरावर घसरता येत नाही, मग तो फरक पीळ होऊन शाफ्टमध्ये, दात्यांत, क्रॉसमध्ये साठतो. सुतळीला पीळ देत जावं तसा. स्टीअरिंग जड होतं, टायर कुरकुरतो, लिव्हर अडकतं. शेवटी पीळ सुटतो तो धाडकन.

अडकलं तर ओढाताण नको. सरळ रेषेत पाच-दहा हात मागं घ्या, पीळ उतरतो, लिव्हर लोण्यासारखं निघतं.

थारवाला_दादा

आबा, पण ओल्या डांबरावर चालतं की. आणि हल्लीच्या मोठ्या गाड्या कायम चारही चाकांवर पळतात, त्यांना कसं होत नाही?

निवृत्त_हवालदार

त्यांच्या मध्ये तिसरं डिफरन्शियल असतं, नाहीतर क्लच असतो, तो फरक खातो. तुमच्या-आमच्यात ते नाही. ओल्या डांबरावर पीळ कमी साठतो, साठत नाही असं नाही. करूळला चिखल, दरड असेल तिथं लावा, पुढं गेल्यावर काढा.

वडापचा_वारस

आज पहाटे साडेपाचला उत्तरं आणली. भरपूर कुत्री मागं लागली.

हूं: दाबल्यावर येतो, चांगला मोठा. पाय काढला की जातो. हलक्या पायावर थोडासा. न्यूट्रलला नाही.
भणभण: चारही वेळा, न्यूट्रललासुद्धा. ४५ ला सुरू, ५०-५२ ला सगळ्यात जास्त.
झुलवून बघितलं, ताई, डावी-उजवी दोन्हीला फरक नाही. शिये फाट्याकडं रस्ता बदलतो तिथंही सूर तोच.
चिर्र भिंतीला खेटल्यावर स्पष्ट आला. चाकाच्या एका फेऱ्यात चार-पाच वेळा चिरकतं असं वाटलं. भाऊ शेजारून चालत मोजत होता.

प्रा_घर्षण

भावाने मोजले हे उत्तम केले. त्यातच अर्धे उत्तर आहे.

६.००-१६ चा टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर पुढे जातो. ५० किलोमीटरच्या वेगाला चाक सेकंदाला सहा-साडेसहा फेरे घेते. हाउसिंगचा रेशो पाचच्या आसपास धरा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळात तीसच्या वर फेरे घेतो. चाकातला दोष सेकंदाला सहा धक्के देतो. ते धड-धड असे जवळजवळ मोजता येतात. तीस धक्के मोजता येत नाहीत, पायाला मुंग्या आल्यासारखे वाटते. तुमची भणभण मुंग्यांची आहे आणि चिर्र चाकाच्या चार-पाचपट आहे. दोन्ही बोटे शाफ्टकडे दाखवतात.

आता क्रॉसची एक खोड. कोनात फिरणारा क्रॉस शाफ्टला सारख्या वेगाने फिरवत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे पळवतो, दोनदा मागे ओढतो. कोन १० अंशांचा असेल तर वेग दीड टक्का वर-खाली होतो, २० अंशांना सहा टक्के. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच चूक उलटी करतो आणि हिशेब मिटतो. अट एवढीच की शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉसला धरणारे दोन कान) एका पातळीत हवेत. एक आडवा आणि दुसरा तिरका बसला तर चूक फिटायच्या ऐवजी पुढे जाते.

म्हणून दोन प्रश्न. उंची वाढवायला लांब शॅकल (पाटे चॅसीला जोडणाऱ्या पट्ट्या) टाकलेत का? आणि क्लच प्लेट बदलताना शाफ्टचे दोन तुकडे वेगळे केले होते का?

वडापचा_वारस

शॅकल मूळचेच, सर. शाफ्टचं म्हणाल तर क्लचच्या कामाला आलेल्या पोरानं मधल्या सांध्यातून तो वेगळा केला होता. दोन्ही तुकडे डिझेलनं स्वच्छ धुऊन परत बसवले. मीच त्याचं कौतुक करून वर शंभर रुपये दिले.

उद्यमनगर_पाना

सापडला एक चोर! शंभर रुपये परत माग.

ऐक आता. मधल्या सरकत्या सांध्याच्या दोन्ही तुकड्यांवर बाणाची खूण असती, एकासमोर एक यायला पायजे. खूण घासली असंल तर डोळ्यानं बघ. शाफ्ट जमिनीवर आडवा ठेव, एका टोकाचे योकचे कान आडवे कर, दुसऱ्या टोकाचे पण आडवेच दिसले पायजेत. एक दाता चुकला तरी पुरतंय.

तुझ्या उत्तरांवरनं मला दोन वेगळी दुखणी दिसत्यात. भणभण न्यूट्रलला राहती, ती शाफ्टची. हूं जोर दिल्यावर येतोय आणि पाय काढला की जातोय, तो हाउसिंगचा, पिनियनच्या अंगाचा. तुझा मिस्त्री अगदीच हवेत बोलला न्हाई. पण दोन्ही एकात बांधून दर सांगितला.

मागचा शाफ्ट काढायच्या आधी एक ध्यानात ठेव. ह्या जुन्या जीपला हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाला असतोय, चाकात न्हाई. शाफ्ट सुटला की हँडब्रेक गेलाच. सपाट जागा, चाकांना मागं-पुढं दगड, मगच खाली जा. उद्यमनगरात आमच्या शेजारी एक जीप शाफ्ट काढल्यावर आपल्या आपण लेथच्या दुकानात गेली होती. मालक आत, जीप पण आत.

क्रॉस हातात घेऊन चारी दिशांना वाकवून बघ. एका जागी अडला, खाचेत बसल्यासारखा वाटला, तर तो गेला.

दाजीपूरचा_गवा

हब लॉक (पुढची चाकं एक्सलला जोडायची-सोडायची कुलपं) असतील तर आणखी एक करता येईल. टू व्हीलवर ठेवून पुढचे हब आधी फ्री, मग लॉक करून तोच रस्ता चालवा. हब फ्री असताना पुढचे एक्सल, डिफरन्शियल, शाफ्ट उभेच असतात. लॉक केल्यावर आवाज वाढला तर दुखणं पुढं.

वडापचा_वारस

केलं. काहीही फरक नाही. पुढचं अंग सुटलं.

पूररेषा

धागा उशिरा बघितला. वारस, गाडी चिखलीत होती म्हणालात. २०२१ च्या पुरात तिथंच होती का? आणि २०१९ च्या? आमचं आंबेवाडीत घर आहे म्हणून विचारतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी, हे आमच्याकडच्या पोरांना पाढ्यासारखं पाठ आहे.

पाणी गाडीच्या चाकाच्या निम्म्यावर आलं असेल तर हाउसिंगमध्ये गेलेलं असणार. ब्रीदरमधून (हाउसिंगच्या हवेच्या भोकातून) जातं, सीलमधून जातं. गाडी पळवत पुराच्या पाण्यात घातली तर जास्तच, कारण गरम हाउसिंग एकदम गार होतं, आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. हाउसिंगचं ऑइल बघितलंय का?

वडापचा_वारस

२०२१ ला शेडातच होती. गुडघ्याच्या वर पाणी होतं. काकांनी इंजिन ऑइल बदलून घेतलं होतं, एवढं आठवतंय. हाउसिंगचं कुणी काढलं का ते विचारायला आता काका नाहीत.

पूररेषा

मग आधी तेच करा. भरायच्या बाजूचं नट आधी सुटतं का बघा, मगच खालचं उघडा. खालचं मोकळं करून सगळं सांडलं आणि वरचं गंजून बसलंय असं आमच्या ट्रॅक्टरला झालंय.

वडापचा_वारस

रविवारचा अहवाल. फोटो टाकता येईनात, शब्दांवर भागवा.

मागचा शाफ्ट काढला. बाण शोधायला अर्धा तास गेला, ग्रीस आणि मातीच्या थराखाली होते. एक बाण बारा वाजता आणि दुसरा साधारण एक वाजता. सर आणि पानाभाऊ, दोघांना साष्टांग.

मग क्रॉस. हाउसिंगकडचा क्रॉस एका दिशेला वाकतच नव्हता, अडून बसायचा, मग खट्ट करून पुढं जायचा. सर्क्लिप काढून वाटी बाहेर ठोकली. आत सुया असायला पाहिजेत ना? सुया नव्हत्याच. लाल भुकटी होती, बायंडिंग फाटलेल्या पुस्तकातून पडते तशी. दोन-तीन सुया मोडक्या, टाचणीएवढ्या. क्रॉसच्या दांडीवरून नख फिरवलं तर ओळीनं खाचा लागत होत्या. बाकीच्या तीन वाट्यांत ग्रीस थोडं तरी होतं, हिच्यात थेंब नाही.

नवीन क्रॉस हजाराच्या आत आला. बाणाला बाण लावून शाफ्ट बसवला. चिमणी मेली! भणभण गेली! ६५ पर्यंत नेली, पत्रा गप्प. टण्णचा टक् झालाय.

हूं मात्र जसाच्या तसा आहे. उलट भणभण गेल्यामुळं जास्त ऐकू येतो.

उद्यमनगर_पाना

शाब्बास. ग्रीस मारताना नुसती गन दोनदा दाबून सोडू नको, चारी वाट्यांतनं जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मार. एक वाटी कायम उपाशी राहती, तीच आधी मरती. पाण्यातनं आली की परत मार.

उरलेला टक् जुन्या दात्यांचा. शाफ्टचे दाते, एक्सलचे दाते, क्राऊनची फट, सगळ्यांची थोडी-थोडी ढिलाई मिळून टक्. त्याला पैसे घालू नको.

सदाशिव_पेठकर

मान्य करतो, मला हा धागा पूर्ण वाचावा लागला. आता हूंचे काय?

वडापचा_वारस

हूंचं आज कळलं. खालचं नट उघडलं, आधी चमचाभर स्वच्छ पाणी आलं, मग दुधाचा चहा. जरा जास्त उकळलेला.

ओळखीच्या एका मिस्त्रींकडं नेऊन मागचं कव्हर उघडलं. क्राऊनचे दाते टॉर्च मारून एकेक बघितले: झिजलेत, पण सारखे झिजलेत, तुटका किंवा खड्डे पडलेला एक नाही. पिनियन हातानं वर-खाली हलत नव्हती पण फिरवताना आत वाळू असल्यासारखं लागत होतं. काढल्यावर पिनियनच्या मोठ्या बेअरिंगच्या रोलरवर देवीचे व्रण असतात तसे खड्डे. पाणी तळाला साचून गाडी दोन-तीन वर्षं एकाच जागी उभी, गंज तिथंच धरला.

पूररेषा

वाटलंच होतं.

उद्यमनगर_पाना

मिस्त्रीला सांग, पिनियनच्या बेअरिंगखालच्या शिम (पातळ चकत्या) मोजून, दोऱ्यात ओवून ठेवायच्या. नवीन बेअरिंगला तिथनंच सुरुवात करायची. मग दात्यांना तेलात कालवलेला शेंदूर लावून क्राऊन फिरवायचं. डाग दात्याच्या मधोमध पडला तर बरोबर. टोकाला नायतर मुळाला पडला तर शिम बदलून परत. घाईघाईत नुसतं बेअरिंग ठोकून दिलं तर आत्ता हूं हाय, मग रडणं येईल. आणि जुन्या जोडीचं क्राऊन-पिनियन वेगळं करू नको, ती दोघं एकमेकाला घासून जुळलेली असत्यात.

प्रा_घर्षण

ऑइलबद्दल: हाउसिंगमध्ये ९० नंबरचे, जीएल-५ लिहिलेले. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंग (गिअर अलगद बसवणाऱ्या कड्या) असतील तर तेच जीएल-५ घालू नका, तिथे जीएल-४. "एकच डबा दोन्हीकडे" हा दुकानदारांचा आवडता सल्ला आहे.

थारवाला_दादा

सर, मी तर वर्षानुवर्षं एकच डबा वापरतो, काही झालं नाही.

प्रा_घर्षण

तुम्ही करूळ घाट फोर हायमध्ये चढता. तुमच्या 'काही झालं नाही'वर मी विसंबून राहणार नाही.

सदाशिव_पेठकर

म्हणजे पहिले मिस्त्री निम्मे बरोबर होते म्हणायचे. हाउसिंग उतरलेच की.

उद्यमनगर_पाना

पेठकर, दुखणं त्याच घरात होतं, कबूल. पण बेअरिंगची जोडी आन् अख्खं क्राऊन-पिनियन ह्यात पंचवीस हजाराचा फरक पडतोय. आणि त्याच्या पस्तीस हजारात भणभण गेलीच नसती, शाफ्ट तसाच चुकीचा परत बसला असता.

कागलकर_ताई

मला वाटतं त्याला आवाज ओळखता आला, पण गिऱ्हाईक घाबरलेलं पण ओळखता आलं.

वडापचा_वारस

दहा दिवसांनी येतोय. बेअरिंग, सील, ऑइल, मजुरी धरून नऊ हजार सातशे झाले. शेंदूर दोनदा लावायला लागला, एक शिम कमी केली.

काल काकूला घेऊन गगनबावड्याला गेलो. ५५-६० ला आरामात. एक बारीक घुंईं अजून आहे, दाबलं तरी, सोडलं तरी, वेगाबरोबर वर-खाली होतो. आधी हूंखाली दबलेला असणार. हा आता काय नवीन?

निवृत्त_हवालदार

खाली वाकून बघा. मागचं डिफरन्शियल एक्सलच्या मधोमध आहे की एका अंगाला सरकलेलं?

वडापचा_वारस

एका अंगाला.

निवृत्त_हवालदार

मग ते ट्रान्सफर केसचं गाणं आहे. मागचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या सरळ रेषेत नसल्यामुळं टू व्हीलवरसुद्धा सगळा जोर ट्रान्सफर केसच्या मधल्या गिअरमधून फिरून जातो. नवी कोरी होती तेव्हाही गात होती. ऑइलची पातळी बघा, बरोबर असेल तर ऐकत राहा. घुंईंची घरघर झाली तर मधल्या शाफ्टची बेअरिंग.

वडापचा_वारस

पातळी बोटभर कमी होती, भरली. काकू मागं बसलेली, साळवणच्या पुढं गेल्यावर म्हणाली, "घुंईं तेवढा असू दे रं. लोकं त्या आवाजावर फाट्यावर येऊन थांबायची."

मिसळ_जादा_कट

साळवणला मिसळ खाल्ली का नाही ते सांगा. धाग्यातला मुख्य मुद्दा राहिलाय.

उद्यमनगर_पाना

वारस, पाचशे किलोमीटरला हाउसिंगचं ऑइल काढून बघ. नव्या बेअरिंगचा चुरा आणि राहिलेलं पाणी त्यात येतंय. चुंबक असलेलं नट मिळालं तर बघ.

दाजीपूरचा_गवा

पानाभाऊ, एक विचारायचं राहिलं. माझी जिप्सी रबरं बदलल्यापासून ७० ला मधल्या छोट्या शाफ्टाशी किणकिणते. न्यूट्रलला पण.

उद्यमनगर_पाना

दाबल्यावर, सोडल्यावर, हलक्या पायावर. तिन्ही लिहून आण.